छोटा, स्वस्त आणि पहिलाच स्मार्टफोन : निवड, मर्यादा आणि ग्राहकाचे हक्क

पहिलाच स्मार्टफोन घेऊ पाहणाऱ्या मुंबई उपनगरांतील वाचकांची मागणी बहुधा एकच असते : फोन हातात मावणारा असावा, दहा हजार रुपयांच्या आसपास मिळावा आणि शिकायला सोपा असावा. ही मागणी कधी निवृत्त आईवडिलांसाठी असते, कधी आजवर बटणांचा फोन वापरत आलेल्या घरकामगार स्त्रीसाठी किंवा रिक्षाचालकासाठी असते, तर कधी नुकत्याच अकरावीत गेलेल्या मुलासाठी असते. तीनही अपेक्षा रास्त आहेत. मात्र त्या एकाच वस्तूत एकत्र सापडतील असे धरून चालल्याने दुकानात गोंधळ उडतो आणि पुष्कळदा चुकीचा फोन घरी येतो. लहान आकाराचा फोन वापरायला सोपा असतोच असे नाही, आणि आज नव्याने बाजारात येणारा स्वस्त फोन लहान तर सहसा नसतोच. पहिल्या फोनची निवड आकारावरून न करता मेमरी, अपडेट आणि दुरुस्तीची सोय यांवरून का करावी, आकाराला महत्त्व नेमके कुणी द्यावे आणि व्यवहार फसल्यास दाद कुठे मागावी, याचे विवेचन पुढे केले आहे.

छोटा म्हणजे नेमका किती?

फोनच्या पडद्याचे माप कर्णाने, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत, इंचांत सांगितले जाते. सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलच्या ‘अँड्रॉइड वन’ योजनेखाली मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तीन भारतीय कंपन्यांनी जे स्वस्त फोन आणले त्यांचा पडदा साडेचार इंचांचा होता. २०१७ च्या अखेरीस आलेला शाओमीचा रेडमी ५ए पाच इंचांचा होता, आणि पहिल्यांदाच स्मार्टफोन घेणाऱ्यांसाठी म्हणून जिओ व गूगल यांनी २०२१ च्या दिवाळीत ६,४९९ रुपयांना आणलेला जिओफोन नेक्स्ट ५.४५ इंचांचा होता. त्यानंतर मात्र हा वर्ग बाजारातून जवळजवळ नाहीसा झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये साधारण त्याच किमतीच्या टप्प्यात आलेल्या रेडमी ए३ चा पडदा ६.७१ इंचांचा आहे.

तथापि कर्णाचे माप फसवे असते, कारण नवे पडदे रुंदीपेक्षा उंचीनेच वाढले आहेत. रेडमी ५ए सुमारे ७० मिलिमीटर रुंद आणि १४० मिलिमीटर उंच असून त्याचे वजन १३७ ग्रॅम आहे, तर रेडमी ए३ सुमारे ७६ मिलिमीटर रुंद, १६८ मिलिमीटर उंच आणि १९० ग्रॅमहून अधिक वजनाचा आहे. म्हणजे मुठीत धरताना जाणवणारा रुंदीतला फरक अवघा सहा मिलिमीटरचा आहे. खरा फरक पडतो तो अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचण्यात, फोन खिशाबाहेर डोकावण्यात आणि दीर्घकाळ धरल्यावर मनगट अवघडण्यात. हातात मावणारा फोन मागणाऱ्याने म्हणूनच इंचांऐवजी खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीत दिलेली रुंदी आणि वजन हे दोन आकडे पाहावेत. रुंदी ७२ मिलिमीटरच्या आत आणि वजन १७० ग्रॅमच्या आत असेल, तर सरासरी हाताला तो फोन एकहाती पेलतो.

लहान आकाराचा लाभ

उपनगरांतल्या माणसाचा फोन घरापेक्षा रस्त्यावर आणि लोकलमध्ये अधिक हाताळला जातो, आणि तेथे एक हात बहुधा मोकळा नसतो. बोरिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या गाडीत वरची कडी धरून, किंवा घाटकोपरला मध्य रेल्वेच्या फलाटावरून मेट्रोच्या पुलाकडे सरकणाऱ्या गर्दीत, तिकीट किंवा क्यूआर कोड एकाच हाताने उघडून दाखवावा लागतो. जुलैच्या पावसात छत्री धरलेल्या हातामुळे ही अडचण दुप्पट होते. अशा वेळी अंगठ्याच्या टप्प्यात संपूर्ण पडदा येणे ही खरी सोय ठरते. सदऱ्याच्या वरच्या खिशात किंवा छोट्या पाकिटात फोन पूर्ण उतरत असेल, तर तो गर्दीत उचलला जाण्याची शक्यताही कमी होते. लोकलच्या दाराशी उभ्या प्रवाशाच्या हातावर रुळांलगतून काठी मारून फोन पाडण्याचा जो ‘फटका’ म्हणून कुप्रसिद्ध असलेला प्रकार आहे, त्यापासून मात्र कोणताही आकार वाचवत नाही. दाराशी फोन बाहेर काढू नये, एवढाच त्यावर उपाय आहे.

याव्यतिरिक्त हलका फोन हातातून सुटला तरी काच फुटण्याची शक्यता थोडी कमी असते आणि लहान पडद्याला वीज कमी लागते. लाभांची यादी येथेच आटोपते.

खरी अडचण पडद्याच्या आत असते

स्वस्त फोनमध्ये दोन प्रकारची मेमरी असते. रॅम ही फोन चालू असताना ॲप ज्या जागेत काम करतात ती तात्पुरती मेमरी, तर स्टोरेज म्हणजे ॲप, फोटो आणि संदेश कायमचे साठतात ती जागा. स्वयंपाकघरातला ओटा आणि फडताळ यांत जो फरक, तोच या दोहोंत. छोट्या आणि स्वस्त फोनमध्ये हा ओटा फारच अरुंद असतो. जिओफोन नेक्स्टची रॅम २ जीबी होती. कमी रॅमच्या फोनसाठी गूगलने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या ‘अँड्रॉइड गो’ या हलक्या प्रणालीसाठीही २०२२ पासून किमान २ जीबी रॅम आवश्यक ठरवली गेली. किमान याचा अर्थ पुरेशी असा होत नाही.

याचा परिणाम नवशिक्याला फार विचित्र रीतीने भोगावा लागतो. पैसे भरण्याच्या ॲपमध्ये असताना आलेला ओटीपी पाहण्यासाठी तो संदेशांच्या ॲपमध्ये जातो, तेवढ्यात रॅम अपुरी पडल्याने पहिले ॲप आपोआप बंद होते, आणि परतल्यावर सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अनुभवी माणसाला फोन मंद आहे हे कळते; नवशिक्याला मात्र आपलेच काही चुकले असे वाटते, पैसे गेले की नाही हे समजत नाही आणि तो तीच रक्कम दुसऱ्यांदा पाठवतो. ‘आईला फोन जमत नाही’ अशी जी तक्रार घरोघरी ऐकू येते, तिच्यातला मोठा वाटा आईचा नसून २ जीबी रॅमचा असतो.

स्टोरेजची अडचण सावकाश उभी राहते. ३२ जीबीच्या फोनमध्ये मोठा हिस्सा प्रणाली आणि आधीपासून भरलेली ॲप व्यापतात, आणि उरलेली जागा नातेवाइकांच्या व कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटांवरचे सुप्रभातचे फोटो आणि व्हिडिओ काही महिन्यांत भरून टाकतात. जागा संपली की अपडेट उतरत नाहीत, कॅमेरा चालत नाही आणि फोन जुना झाल्याचा समज होतो.

अपडेट म्हणजे फोनच्या प्रणालीत कंपनी वेळोवेळी करत असलेली सुधारणा आणि सुरक्षेची दुरुस्ती. स्वस्त फोनला ती थोडीच वर्षे मिळते, आणि पाच इंचांच्या आसपासचे जे फोन आज उपलब्ध आहेत ते बहुतेक जुने असल्याने त्यांची अपडेटची मुदत संपलेली असते. असा फोन बिघडत नाही, पण त्यावरची ॲप एकामागून एक चालेनाशी होतात, कारण ॲप बनवणाऱ्या संस्था जुन्या प्रणालींचा आधार काढून घेतात. व्हॉट्सॲपने २०२५ पासून अँड्रॉइड ५ च्या आधीच्या फोनचा आधार काढला, आणि बँकांची ॲप सुरक्षेच्या कारणाने याहून कडक असतात.

बॅटरीचा प्रश्न उपनगरांत थेट पैशांशी जोडलेला आहे. रेडमी ५ए ची बॅटरी ३००० एमएएच (बॅटरीच्या क्षमतेचे माप) होती, आजच्या मोठ्या स्वस्त फोनची बहुधा ५००० एमएएच किंवा अधिक असते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेत जुलै २०२५ मध्ये आलेल्या रेलवन ॲपवर काढलेले तिकीट ॲपमध्येच उघडून दाखवावे लागते आणि त्याचा स्क्रीनशॉट ग्राह्य धरला जात नाही. परतीच्या वाटेवर बॅटरी संपली तर तिकीट काढलेले असूनही प्रवासी विनातिकीट ठरतो, आणि त्याला भाड्याव्यतिरिक्त किमान २५० रुपयांचा दंड होऊ शकतो. महिन्याचा पास फोनवर ठेवणाऱ्याने लहान बॅटरीचा फोन घेणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

पडद्याचा मुद्दा शेवटी येतो, पण ज्येष्ठांसाठी तोच निर्णायक ठरू शकतो. पाच इंची पडद्यावर मजकुराला सुमारे ६२ मिलिमीटर रुंदी आणि १११ मिलिमीटर उंची मिळते, तर ६.७१ इंची पडद्यावर ती सुमारे ७० आणि १५५ मिलिमीटर होते. चाळिशीनंतरच्या डोळ्यांसाठी अक्षर मोठे केले की लहान पडद्यावरची ‘पुढे’ किंवा ‘मान्य’ ही बटणे खाली ढकलली जाऊन दिसेनाशी होतात. पडदा वर सरकवायचा असतो हे ज्याला ठाऊक नाही तो ॲप अडकले असे समजून थांबतो. कीबोर्ड उघडल्यावर उरलेली अर्धी जागाही जाते. चष्म्याचा नंबर असलेल्या माणसाला सोपा जाईल म्हणून छोटा फोन देणे हे म्हणूनच बहुधा उलट फळ देते.

कुणी कोणता मार्ग धरावा?

- ज्येष्ठ नागरिक आणि वाचनाचा चष्मा असलेले : साडेसहा इंचांच्या आसपासचा नवा फोन घ्यावा आणि धरण्याची अडचण मागच्या बाजूला लावायच्या पट्ट्याने किंवा गळ्यातल्या दोरीने सोडवावी. आकाराची गैरसोय शंभर-दोनशे रुपयांत दूर होते. बारीक अक्षराची होत नाही.
- रोज लोकलने प्रवास करणारे, दृष्टी चांगली असलेले : या गटाने छोट्या फोनचा आग्रह धरण्यास हरकत नाही. नवा मिळत नसल्यास अधिकृत विक्रेत्याने तपासून हमीसह विकलेला, सहा इंचांच्या आतबाहेरचा आणि अपडेटची मुदत शिल्लक असलेला वरच्या श्रेणीतला फोन घ्यावा.
- फक्त बोलणे आणि क्वचित पैसे पाठवणे एवढीच गरज असलेले : बटणांचा ४जी फोन पुरेसा आहे. साध्या फोनवरून यूपीआय व्यवहार करण्यासाठी ‘यूपीआय १२३पे’ ही सोय मार्च २०२२ पासून उपलब्ध आहे, रेल्वेचा छापील पास अजून मिळतो आणि मेट्रोचे कार्डही मिळते.
- विद्यार्थी : आकारापेक्षा स्टोरेज आणि बॅटरी पाहावी; निवडीचा फारसा प्रश्नच उरत नाही.

या सर्वांहून अधिक घरांत प्रत्यक्ष घडते ते निराळेच : मुलाने किंवा सुनेने वापरून ठेवलेला जुना फोन आईवडिलांकडे सरकवला जातो. यात गैर काही नाही, परंतु देण्याआधी जुने गूगल खाते काढून टाकावे, फोन मुळापासून रिकामा करावा, बॅटरी बदलून घ्यावी आणि सुरक्षेचे अपडेट शेवटचे कधी आले ते सेटिंग्जमध्ये पाहावे. ते दोन वर्षांपूर्वीचे असेल, तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नयेत. बोलणे, फोटो आणि भजने ऐकणे यांसाठी तो चालतो.

नव्या फोनसाठी आज किमान अट म्हणून ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, ४जी व्होल्टी, बाजूच्या बटणावर बोटाचा ठसा आणि अपडेटची लेखी मुदत या गोष्टी धरून चालाव्यात. व्होल्टी म्हणजे ४जी जाळ्यावरून आवाजी संभाषण; जिओचे जाळे २जी-३जी वापरत नसल्याने त्यावर साध्या संभाषणासाठीही ती लागते. ५जी असल्यास उत्तम, पण तेवढ्यासाठी रॅम किंवा स्टोरेज कमी करून घेऊ नये. भांडी-धुणी किंवा बांधकामाचे काम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी ठशावर अवलंबून न राहता आकडी कुलूपच ठेवावे.

दुकानातच तपासावे

बोरिवली पश्चिमेचे इंद्रप्रस्थ संकुल असो, मुलुंडचा महात्मा गांधी मार्ग असो किंवा अंधेरी स्थानकाबाहेरची दुकाने असोत, विक्रेता प्रथम कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आणि खोक्यावरचा मोठा आकडा दाखवतो. खरेदीदाराने त्याऐवजी पुढील गोष्टी पाहाव्यात :

- खोक्यावर ‘८ जीबी’ लिहिले असेल तर त्याखालचे बारीक अक्षर वाचावे. ४ जीबी खरी रॅम आणि ४ जीबी स्टोरेजमधून उसनी घेतलेली, अशी ती बेरीज पुष्कळदा असते. उसनी रॅम संथ असते आणि साठवणुकीची जागा खाते.
- वेष्टनावर निर्मितीचा महिना व वर्ष आणि सर्व करांसह कमाल किंमत छापलेली असते. फोन फार आधी बनलेला असेल, तर त्याच्या अपडेटची मुदत आधीच खर्ची पडू लागलेली असते.
- स्टार, हॅश, ०, ६, हॅश दाबल्यावर पडद्यावर १५ आकडी आयएमईआय क्रमांक येतो. हा प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक होय. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. इंग्रजीतील ‘केवायएम’ ही तीन अक्षरे, एक जागा सोडून हा क्रमांक लिहून १४४२२ वर संदेश पाठवल्यास फोन खरा आहे की काळ्या यादीतला, हे कळते. वापरलेला फोन घेताना ही तपासणी टाळूच नये.
- दुकानातच अक्षर सर्वांत मोठे करून एखादे मराठी वृत्तपत्र उघडावे, एखाद्या क्यूआर कोडवर कॅमेरा धरावा आणि एखाद्या छापील कागदाचा फोटो काढावा. सर्वांत स्वस्त कॅमेऱ्यांत जवळच्या वस्तूवर नेम धरण्याची सोय नसते, त्यामुळे रेशनकार्डाची छायाप्रत पुसट येते.
- चार्जर खोक्यात आहे की वेगळा घ्यावा लागणार, हे विचारावे.
- कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र कुठे आहे ते आधी शोधावे. आईवडिलांना दोन गाड्या बदलून जावे लागत असेल, तर तो फोन दोन हजारांनी स्वस्त असला तरी महागच पडतो.

मोबाइल फोनवर एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे आणि तो छापील किमतीत धरलेला असतो. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ हा प्रस्ताव त्यामुळेच येतो, आणि तो स्वीकारणारा ग्राहक हमी व तक्रारीचा आधार या दोन्ही गोष्टी काहीशे रुपयांसाठी सोडून देतो. बिलावर आयएमईआय, तारीख आणि विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक असलाच पाहिजे. कच्च्या चिठ्ठीला अर्थ नाही. हप्त्यांवर घेताना ‘बिनव्याजी’ या शब्दामागची प्रक्रियाशुल्काची रक्कम विचारून घ्यावी. पाण्यापासून संरक्षणाचे आयपी५२ किंवा आयपी५४ हे मानांकन शिंतोड्यांपुरते असते. मिलन सबवेत किंवा अंधेरीच्या भुयारी मार्गात साचलेल्या पाण्यात फोन पडला, तर ते उपयोगी पडत नाही आणि पाण्याने झालेली हानी हमीत सहसा बसत नाही.

पहिल्या दिवसाची मांडणी

फोन सोपा होतो तो पहिल्या दिवशीच्या तासाभराच्या कामाने, आणि तो तास बहुतेक घरांत दिलाच जात नाही. भाषा मराठी करावी, पण ज्याला आजवर इंग्रजी शब्दांचीच सवय आहे त्याच्यावर ती लादू नये. ॲक्सेसिबिलिटी विभागातून अक्षर आणि पडद्यावरच्या वस्तूंचा आकार दोन्ही वाढवावे. कीबोर्डमध्ये मराठी जोडून माइकचे बटण दाखवावे, कारण टंकलेखन न येणाऱ्या माणसासाठी बोलून लिहिण्याची सोय हीच स्मार्टफोनची सर्वांत मोठी देणगी आहे. मुख्य पडद्यावर फोन, संदेश, व्हॉट्सॲप, कॅमेरा आणि तिकीट एवढेच ठेवून उरलेली ॲप, विशेषतः आधीपासून भरलेले खेळ आणि कर्ज देऊ करणारी ॲप, काढून टाकावीत. व्हॉट्सॲपमधील फोटो-व्हिडिओ आपोआप उतरण्याची सोय बंद करावी. गूगल खात्याचा परवलीचा शब्द घरातल्या वहीत लिहून ठेवावा. तो विसरल्याने फोन निकामी होण्याचे प्रकार चोरीइतकेच सामान्य आहेत.

संकटाच्या वेळी पॉवरचे बटण लागोपाठ दाबून ११२ या क्रमांकाशी संपर्क होण्याची सोय केंद्र शासनाच्या २०१६ च्या नियमांनुसार फोनमध्ये असते. काही फोनवर बटण तीनदा, तर काहींवर पाचदा दाबावे लागते, म्हणून आपल्या फोनची रीत सेटिंग्जमध्ये पाहून ठेवावी.

पैशांचे व्यवहार सुरू करताना

यूपीआय सुरू करण्यासाठी बँकखात्याशी जोडलेल्या क्रमांकाचे सिम त्याच फोनमध्ये असावे लागते. मुलाच्या क्रमांकाशी खाते जोडलेले असेल, तर आधी बँकेत जाऊन क्रमांक बदलावा. नव्या फोनवर नोंदणी केल्यावर पहिल्या २४ तासांत पाच हजार रुपयांची मर्यादा असते, तिला बिघाड समजू नये. नवशिक्यांसाठी ‘यूपीआय लाइट’ सोयीचे आहे : त्यात पाच हजार रुपयांपर्यंत रक्कम ठेवून एका वेळी एक हजारापर्यंत पिनशिवाय खर्चता येते, मात्र पिन नसल्यामुळेच फोनला कुलूप असणे अत्यावश्यक ठरते. मोठ्या ठेवी असलेले खाते फोनशी जोडण्याऐवजी थोडी रक्कम असलेले वेगळे खाते जोडणे हा सर्वांत शांत झोप देणारा मार्ग आहे.

दोनच नियम पाठ करून घ्यावेत. पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. आणि लग्नपत्रिका, वाहनाचे चलन किंवा वीजबिल म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली ‘एपीके’ फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून उतरणारे ॲप, कधीही उघडू नये. व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या गणवेशात दिसणाऱ्या माणसाने ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घातली, तर फोन ठेवून द्यावा, भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही.

फसवणूक झाल्यास प्रथम १९३० या सायबर गुन्ह्यांसाठीच्या मदत क्रमांकावर आणि लगोलग बँकेला कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून अन्यत्र झाली असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले असेल, तर त्याच्यावर नुकसानीचा भार पडत नाही. पिन किंवा ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. उशीर किती महाग पडतो हे यावरून ध्यानात यावे.

फोन हरवला तर

क्रम महत्त्वाचा आहे : आधी सिम बंद करावे, मग बँकेला सांगून यूपीआय थांबवावे, त्यानंतर पोलिसांत तक्रार नोंदवावी. लोकलमध्ये किंवा फलाटावर चोरी झाली असेल तर ती लोहमार्ग पोलिसांकडे नोंदवावी. रेल्वेचा मदत क्रमांक १३९ आहे. त्याच क्रमांकाचे नवे सिम घेतल्यावर, दूरसंचार विभागाच्या मे २०२३ पासून सुरू असलेल्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तक्रारीची प्रत आणि आयएमईआय देऊन फोन देशभरातील सर्व जाळ्यांवर बंद करून घेता येतो, आणि तो सापडल्यास पुन्हा सुरूही करता येतो. या साऱ्यासाठी आयएमईआय हाताशी लागतो, म्हणून खोके फेकून देऊ नये. निदान त्याचा फोटो घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये असावा.

फोन सदोष निघाला तर

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तसेच सदोष वस्तू बिलावर नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील तशीच प्रथा आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष वस्तूला लागू पडत नाही. फोन आवडला नाही किंवा मोठा वाटला, एवढ्यावर मात्र हा हक्क मिळत नाही; तेथे दुकानदाराची मर्जी चालते, म्हणून आकाराचा निर्णय खरेदीआधीच करावा लागतो.

सेवा केंद्रात फोन देताना तारीख, दोष आणि फोनची बाह्य स्थिती लिहिलेली पावती घ्यावी, कारण ‘आधीच पडलेला होता’ हे उत्तर तेथे ठरलेले असते. दुरुस्ती वारंवार फसल्यास विक्रेता आणि कंपनी या दोघांना लेखी कळवावे, त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे मराठीत बोलता येते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या आणि विलेपार्ले येथे कार्यालय असलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीकडेही मार्गदर्शन मिळते.

एवढ्याने प्रश्न न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. कंपनीचे कार्यालय बेंगळुरूत किंवा दिल्लीत असले, तरी ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथेच तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे. त्यामुळे अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर येथील रहिवाशांची तक्रार वांद्रे पूर्व येथील मुंबई उपनगर जिल्हा आयोगापुढे चालते. तक्रार ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते, वकील नेमण्याचे बंधन नाही, पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून ती दोन वर्षांच्या आत दाखल व्हावी लागते.